खो-खोच्या पोरींसाठी टेबलावरची लढाई

गेल्या अंकात याच सदरात मी आमच्या गावच्या स्पर्धेचा ओझरता उल्लेख केला होता: टेबलावर छोटे पुतळे मांडून खेळायची लढाई, आणि तिच्यातून शाळेच्या खो-खो संघासाठी उभे राहिलेले ११,८५० रुपये. त्यावरची पत्रं अजून येतच आहेत. तेव्हा या वेळी रांगोळी, भरतकाम, भिंतीचे रंग सगळं बाजूला ठेवते आणि याच विषयाची पत्रं घेते.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. पुतळा पायापासून डोळ्यापर्यंत साधारण २८ मिलिमीटर, म्हणजे अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. सुटे हातपाय चिकटवून, रंगवून तो आपणच उभा करायचा. टेबलावर घरं, झाडं, धुरे मांडायचे. दोघांनी आपापली फौज घेऊन समोरासमोर यायचं. आपली पाळी आली की टेपने इंच मोजून पुतळा सरकवायचा आणि वार लागला की नाही ते फासा टाकून ठरवायचं. इंग्लंडातल्या एका कंपनीचा ‘वॉरहॅमर’ १९८३ पासून आहे, त्याचाच अंतराळातल्या युद्धाचा खेळ १९८७ पासून. आपल्याकडे मोठ्या शहरांतली मुलं जास्त करून तोच खेळतात. तिकडचे हौशी खेळाडू अशा स्पर्धा भरवून शाळांसाठी, दवाखान्यांसाठी पैसेही जमवतात. माझ्या पुतण्याने दिवाळीत घरी आल्यावर हे सांगितलं. मी तीस वर्षं चित्रकला शिकवली आहे. त्याचा एक रंगवलेला पुतळा हातात घेतला आणि तासभर खाली ठेवला नाही.

आमच्या मुलींचा खो-खो संघ तालुक्यात पहिला येतो आणि जिल्ह्याला जायची वेळ आली की पैशासाठी दारोदार फिरावं लागतं. गावातली चार-पाच पोरं पुण्याहून हा खेळ शिकून आली आहेत. पण एकेका डब्याची किंमत ऐकून छातीत धडकी भरली. खेड्यात हे जमतं का? सुरुवात कुठून करायची?
– एक क्रीडाशिक्षक, ता. दर्यापूर

सर, जमतं. पण सुरुवात पुतळ्यांपासून करू नका, पोरींपासून करा.

आमची पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते. ती स्पर्धा आम्ही शेजारच्या एका गावातल्या शाळेसाठी घेतली. फलकावर ‘शालेय खेळांच्या मदतीसाठी’ एवढंच लिहिलं. नऊ हजारांच्या वर पैसे आले, ते पाकिटात घालून दिले आणि आम्ही मोकळे झालो. पुढे कळलं की त्यातून मंडपाचा, फ्लेक्सचा, पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाचा खर्च भागवला आणि उरलं त्यात फाटकावर शाळेचं नाव रंगवून घेतलं. कोणी खिशात घातले नाहीत. पण पोरी त्याही वर्षी जिल्ह्याला गेल्या नाहीत. त्यांच्यातल्या एकीच्या आईने मला बाजारात थांबवून विचारलं, “मॅडम, ते पैसे आमच्या पोरींचेच व्हते ना?” मला उत्तर देता आलं नाही. पैसे नेमके कशासाठी ते मीच ठरवलं नव्हतं, मग दुसऱ्याला काय बोल लावणार?

दुसऱ्या वर्षी आमच्याच शाळेत मी आणि पीटीचे सर मैदानावर पोरींमध्ये जाऊन बसलो आणि विचारलं, काय पाहिजे? आमच्या डोक्यात होते पाठीवर नाव छापलेले टी-शर्ट. त्या म्हणाल्या, खांब.

खो-खोचा खांब जमिनीच्या वर १२० ते १२५ सेंटिमीटर लागतो आणि लाकूड गुळगुळीत हवं. आमच्याकडे एका टोकाला बाभळीचा ओंडका होता आणि दुसऱ्या टोकाला पाण्याच्या टाकीचा उरलेला पाइप. पाठलाग करणारी पोरगी पळत येते, एका हाताने खांबाला विळखा घालते आणि वेग न मोडता वळते. हात जिथे घासतो नेमक्या तिथेच त्या बाभळीला भेगा. सातवीतल्या एकीने मला तळहात दाखवला. अंगठ्याच्या मुळाशी तीन काळे ठिपके, लाकडाच्या कुसा आतच राहून गेलेल्या. “आता काढत नाही मॅडम, पुन्हा जातेच,” असं ती इतक्या सहज म्हणाली की माझं पुढचं बोलणंच खुंटलं.

मग फलकावर ओळ लिहिली: दोन खांब, बारा नी-कॅप, जिल्ह्याला जायची गाडी. सरपंचांनी विचारलं, एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, मग गाडी कशाला? प्रश्न रास्तच होता. पण मैदानावर हजेरी सकाळी आठला आणि आमच्या गावची पहिली एसटी जिल्ह्याला पोचते साडेनऊला. म्हणून काळी-पिवळी. ही तीन कामं सोडून एकही रुपया दुसरीकडे जाणार नाही, आणि स्पर्धेच्या दिवसाचा खर्च आम्ही आयोजक आपल्या खिशातून करू, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका. नंतर ठरवू म्हटलं की ते कधीच ठरत नाही.

आता पुतळ्यांचं. परदेशी डबे घेऊच नका. दर बाजूला दहा पुतळे पुरतात, लहान चकमकीचा खेळ तेवढ्यात छान होतो. शहरात थ्रीडी प्रिंटरवर पुतळे छापून देणारे आहेत, पण फाइल मोफत वाटलेली किंवा रीतसर विकत घेतलेली असावी. कोणाच्या पुतळ्याची चोरून केलेली नक्कल चांगल्या कामाला लावू नये. आमच्या पोरांनी निम्मे पुतळे घरीच केले: बारीक तारेचा सांगाडा, त्यावर एम-सील, आणि गोळा कडक व्हायच्या आत सुईने कपड्यांच्या चुण्या.

टेबलाचा हिशेब अगदी सोपा आहे. प्लायवूडची शीट आठ फूट बाय चार फूट येते. मधून कापली की चार बाय चारची दोन टेबलं. सोळा खेळाडूंना आठ टेबलं, म्हणजे चार शीट. आम्हाला बिछायत केंद्रवाल्याने लाकडी टेबलं फुकट दिली, त्यावर शीट ठेवल्या. शाळेचे बाक वर-खाली असतात, त्यांवर ठेवू नका, फासा घरंगळून जातो.

झाडांसाठी दुकानात जायची गरज नाही. वाळलेल्या पऱ्हाटीची शेंड्याकडची फांदी, बोंडाची टरफलं तशीच ठेवून, प्लायवर उभी केली की वठलेलं झाड तयार. तुराट्यांचं कुंपण करा. घरांसाठी पुठ्ठा. ज्या सुतारकाकांनी खांब केले त्यांनीच टेबलावरच्या बंड्या केल्या, चाकं फिरणाऱ्या. ते दर वर्षी तान्ह्या पोळ्याचे नंदी करतात. पुणे-साताऱ्याकडे पोरं दिवाळीत किल्ला करून त्यावर मावळे मांडतात, आपल्याकडे पोरं लाकडी नंदी सजवून ओढतात. लहान आकारात जीव ओतायची सवय आपल्या सुतारांना पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिचा उपयोग करून घ्या.

तारीख जानेवारीतली घ्या, संक्रांतीनंतरचा रविवार. वेचणीची घाई ओसरलेली असते, बोर्डाच्या परीक्षा अजून लांब असतात. जमलेले पैसे शाळेच्या खात्यात राहू द्या आणि जूनमध्ये, तालुक्याच्या स्पर्धांच्या आधी, सामान आणा.

माझं वय ७४. आमच्या गावची पोरंही असंच काही करायचं म्हणतात. पण पैसे भरायचे, फासे टाकायचे, जिंकायचं, हा जुगार नाही तर काय? याच फाशांपायी पांडव वनवासाला गेले. शाळेच्या आवारात हे शोभतं का?
– एक कास्तकार, ता. बाळापूर

काकाजी, हा प्रश्न आमच्या ग्रामसभेतही आला होता. मागच्या रांगेतून एक आवाज आला, “हे त जुगारच व्हय!” आणि अर्धी सभा माना डोलवायला लागली. तेव्हा जे बोलले तेच तुम्हाला सांगते.

पांडवांचं राज्य गेलं ते पणाला लावलं म्हणून. फासा हातात घेतला एवढ्याने गेलं नाही. आपल्या आज्या सारीपाट खेळायच्या, कवड्या टाकायच्या, कोणाचं घर बुडालं नाही. या खेळात फासा कशाला लागतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. तुम्ही वावर चांगलं केलं, बियाणं चांगलं आणलं, वेळेवर पेरलं, तरी पुढचा पाऊस तुमच्या हातात नसतो. फासा म्हणजे तो पाऊस. पुतळा कुठे उभा करायचा, कधी पुढे न्यायचा, हे डोक्याचं काम, आणि त्यानंतरही एखादा वार हुकतो. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा नकाशावर खेळायचा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला गेला, त्यातही गोळीबाराचा परिणाम फाशाने काढत. लढाईत सगळं ठरवल्यासारखं होत नाही, हे त्यांना शिकायचं होतं.

पण तुमच्या शंकेतला एक भाग सोळा आणे खरा आहे, आणि आम्ही तो मनावर घेतला. पैसे भरून पैसे जिंकायचे ठेवले की तो पण झाला. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. म्हणून आमच्याकडे रोख बक्षीस नाही. २०० रुपये प्रवेशाचे, त्याची शाळेची पावती, आणि ते पैसे खेळाडूला परत मिळत नाहीत, जिंको की हरो. बघणाऱ्यांनी आपसात पैजा लावायच्या नाहीत, लावली तर आवाराबाहेर. दोन जणांना आम्ही खरोखर बाहेर काढलं. ‘लकी ड्रॉ’ची कुपनं काढा असं पुष्कळांनी सुचवलं, आम्ही ठाम नाही म्हटलं, कारण परवानगीशिवाय सोडत काढणं कायद्यात बसत नाही. पोलीस पाटलांना आठ दिवस आधी कळवलं आणि ते स्वतः दिवसभर येऊन बसले. विजेत्याला मिळाला सुतारकाकांनी केलेला बोटभर उंचीचा सागवानी नंदी.

तुमच्या गावची पोरं स्पर्धा घेतील तेव्हा तुम्ही पहिल्या टेबलाजवळ खुर्ची टाकून बसा काकाजी. मोठं माणूस समोर बसलं की पोरं नियम मोडत नाहीत, आणि गावाचाही विश्वास बसतो.

माझ्या मुलाच्या पुतळ्यांत हिरवे राक्षस आहेत आणि अंतराळातले शिपाई. आपल्या मातीतली लढाई का खेळत नाही?
– एक पालक, अकोट

अगदी माझ्या मनातलं विचारलंत. तुमच्यापासून जवळच, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावच्या शिवारात, २९ नोव्हेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर दुसरे रघुजी भोसले यांची फौज, तिचं नेतृत्व त्यांचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे. दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनच्या समोर उभा राहिला. दिवस कलला होता. इंग्रजांच्या पलटणी गावाबाहेर पडल्या आणि भोसल्यांच्या तोफा सुरू झाल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईच्या लढाईत टिकून राहिलेल्या इंग्रजांकडच्या देशी पलटणी इथे मात्र पाठ फिरवून पळाल्या, वेलस्लीने स्वतः त्यांना थोपवून पुन्हा उभं केलं. भोसल्यांकडच्या अरब पायदळाने गोऱ्या पलटणींवर चाल केली, ते तिथेच कापलं गेलं. अंधार पडल्यावर चांदण्यात पाठलाग झाला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला, आणि कटक व वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला.

ही लढाई आम्ही मांडली, पण स्पर्धेत नाही. स्पर्धेत प्रत्येक पुतळ्याचे गुण ठरलेले असतात आणि दोन्ही बाजूंना सारख्याच गुणांची फौज निवडायला लावतात, म्हणजे कोणाचं पारडं आधीच जड नसतं. खऱ्या लढाईत ते तसं नसतं, आणि कृत्रिम समतोल आणला तर तो इतिहास राहत नाही. म्हणून अडगावचं टेबल वेगळं, फक्त बघायला. आठवीच्या वर्गाने कार्डशीटचे हत्ती, तोफा, घोडेस्वार कापून रंगवले. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, मध्ये गाव, भोवती ज्वारीची ताटं. एक मुलगा बराच वेळ त्या टेबलाजवळ घोटाळत होता. शेवटी त्याने गावाच्या कडेला बोट टेकवलं आणि विचारलं, “मॅडम, हे आमच्या मामाचं वावर व्हय काय?” त्याचा मामा अडगावचा. मी नकाशा समोर धरला, आम्ही दोघांनी मिळून पाहिलं, आणि वावर जवळपास तिथेच निघालं.

तुमच्या मुलाचे हिरवे राक्षस राहू द्या. तो स्वतःच्या हाताने रंगवतो आहे ना? तेवढं मला पुरे आहे. त्याला एकदा अडगावला मात्र न्या.

मी नववीत आहे. मी पोस्टर कलरने पुतळे रंगवले, पण हात लागला की रंग बोटाला येतो. उन्हाळ्यात तर ब्रशवरच वाळून जातो. आणि वर्गातली मुलं म्हणतात की हा मुलींचा खेळ नाही.
– एक विद्यार्थिनी, ता. मूर्तिजापूर

बेटा, पोस्टर कलर वाळल्यावरही पाण्याने सुटतो, हाताच्या घामानेही सुटतो. त्यात तुझा दोष नाही. ॲक्रिलिक घे, साधं फेविक्रिल चालेल, फक्त पाणी घालून दुधासारखं पातळ कर आणि एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ थर दे. नाहीतर चेहऱ्यावरचं नाक-डोळे रंगाखाली बुजतात. रंगवायच्या आधी पुतळा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळव, मग प्रायमरचा हात दे. स्प्रेचा प्रायमर पावसाळ्यात मारू नको, दमट हवेत त्यावर पांढुरकी बुरशी आल्यासारखं होतं.

रंग वाळतो त्यावर उपाय असा. पेढ्याचा चपटा डबा घे, तळाशी ओल्या सुती कापडाची घडी, त्यावर बटर पेपर, आणि त्या पेपरवर रंग काढ. खालून ओल मिळत राहते, रंग तासन्‌तास ओला राहतो. मे महिन्यात मात्र पहाटेच बस. आपल्याकडच्या दुपारी हा डबाही हार मानतो.

डोळे ब्रशने काढू नको. सुईचं टोक रंगात बुडव आणि टेकव. आधी डोळे, मग भोवतीची कातडी, म्हणजे डोळा मोठा झाला तर कातडीच्या रंगाने लहान करता येतो. मी हे उलट्या क्रमाने करून दहा चेहरे खराब केले तेव्हा मला समजलं.

आणि मुलांना सांग, आमच्या सोळा खेळाडूंत पाच मुली होत्या, दुसरा नंबर तुझ्याच वयाच्या एकीचा आला. तिने एम-सीलचा एक पुतळा केला होता, फौजेतला नव्हे, तर चौकोनात गुडघे दुमडून बसलेली खो-खोची खेळाडू, एक हात जमिनीवर, मान वळवून मागे बघणारी. ‘खो’ मिळायच्या आधीचा क्षण. पायाच्या बोटांवर आलेला भार तिने नेमका पकडला होता, टाच जमिनीपासून केसभर वर. रोज तसं बसणारीलाच हे दिसतं.

१६ खेळाडू आणि एकच दिवस असेल तर बाद पद्धत ठेवावी की सगळ्यांनी सगळे डाव खेळावेत? आणि तुमच्याकडे पैसे देऊन फासा पुन्हा टाकता येतो असं ऐकलं. हे श्रीमंताच्या पोराला झुकतं माप नाही का?
– अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शेगाव

बाद पद्धत मुळीच नको. पहिल्या डावातच आठ जण बाहेर, आणि लांबून आलेला पोरगा अकरा वाजता हरून दुपारच्या एसटीने घरी. बुद्धिबळात असते ती स्विस पद्धत घ्या, १८९५ मध्ये झुरिकच्या स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली. पहिल्या डावाला चिठ्ठ्या टाकायच्या, पुढे जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. कोणी बाहेर जात नाही. सोळा जणांत एकच अजिंक्य ठरवायला चार डाव लागतात. दोन-दोन तासांचे चार डाव हिवाळ्याच्या दिवसात बसत नाहीत, म्हणून आम्ही तीन घेतले. त्यानंतर दोघे अपराजित राहतात, त्यांच्यात टिपलेल्या पुतळ्यांच्या गुणांवर पहिला ठरवला. हे आधीच नियमात लिहून ठेवा, आम्ही लिहिलं नव्हतं आणि अर्धा तास वादात गेला. एक पंच असा ठेवा की ज्याची टेप अंतिम.

फाशाबद्दल तुमचा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच त्याला कुंपण घातलं आहे. फासा पुन्हा टाकायचे १० रुपये, एका डावात दोनदाच. सोळा जण, तीन डाव, म्हणजे फार तर ९६ वेळा. प्रत्यक्षात ७१ वेळा झालं, ७१० रुपये. आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत किंवा द्यायचे नाहीत, त्याने जागेवर दहा सूर्यनमस्कार घालायचे, तोही हक्काने फासा पुन्हा टाकेल, त्याच्या नावाचे १० रुपये आम्ही आयोजक पेटीत टाकू. त्या सकाळी माझे आणि पुतण्याचे बरेच पैसे याच पेटीत गेले, कारण खिशात पैसे असलेल्या पोरांनीही सूर्यनमस्कारच घालायला सुरुवात केली. पीटीच्या सरांनी मोजायचं काम घेतलं आणि अर्धवट घातलेला एकही धरला नाही.

रंगकामाच्या स्पर्धेला परीक्षकच नव्हते. प्रत्येक फौजेपुढे एक डबा, आवडली त्या डब्यात नाणं टाका, एक रुपया एक मत. म्हाताऱ्या बायाही नातवंडांना घेऊन येऊन अगदी वाकून वाकून बघत होत्या.

मी मोर्शी तालुक्यातला, सध्या पुण्यात नोकरीला. माझ्या शाळेला मी सरळ पैसे पाठवले तर हा सगळा खटाटोप कशाला? आणि गावात जमलेल्या पैशाचा हिशेब नीट राहतो का?
– पुण्यातून एक वाचक

पाठवा, आजच पाठवा. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यावर, आणि सोबत एक ओळ लिहा की हे पैसे मुलींनी मागितलेल्या अमुक वस्तूसाठी. ती वस्तू आधी त्यांना फोन करून विचारा.

खटाटोपाचं म्हणाल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या डावाच्या मध्ये आमच्या पोरींनी मैदानावर एक डाव खेळून दाखवला. पुतळे बघायला आलेलं अर्धं गाव कुंपणाला टेकून उभं होतं. त्यातल्या कित्येकांनी आपल्याच पोरींना खेळताना कधी पाहिलं नव्हतं. ज्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची मंडळी १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकला आपले देशी खेळ दाखवून आली, त्या अमरावतीच्या शेजारचा हा आमचा मुलूख, आणि पोरी शाळेमागच्या भेगाळलेल्या जमिनीवर एकट्याच पळत होत्या. त्या दिवशी एका मुलीचे वडील मला म्हणाले, “हे एवढं जोरात पयते, मले मालूमच नव्हतं.” पुढच्या सरावाला ते स्वतः तिला सोडायला आले.

हिशेब त्याच संध्याकाळी, सगळे हजर असताना, वर्गाच्या फळ्यावर लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. आमचा असा होता: प्रवेशाचे ३,२००, फाशांचे ७१०, रंगकामाच्या डब्यांतले २,३४०, चार पुतळ्यांच्या लिलावाचे ४,१००, आणि बचत गटाच्या बायांनी आलूबोंडे-चहाच्या कमाईतून दिलेले १,५००. एकूण ११,८५०. खाली खर्चाची जागा रिकामी सोडली होती. जूनमध्ये त्याच फळ्यावर ती भरली: खांब २,६००, नी-कॅप ३,०००, गाडीला बाजूला ठेवलेले ३,८००, शिल्लक २,४५०. फळ्याचा फोटो ग्रामपंचायतीच्या दारावर आठ दिवस होता.

एक कायद्याची गोष्ट विसरू नका. शाळेच्या बाहेरच्या मंडळाने जाहीर वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे जावं लागतं, गणपती मंडळं दर वर्षी जातात तसं. आम्ही सगळे पैसे थेट शाळेच्या पावतीवर घेतले.

लिलावात सगळ्यात जास्त बोली त्या एम-सीलच्या खो-खोवालीवर लागली, १,९०० रुपये. सुतारकाकांनी घेतली. नंदी कोरायच्या पाटावर, हत्यारांच्या शेजारी ठेवली आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला उचलून दाखवतात.

या जानेवारीसाठी पोरींना विचारून झालं आहे. आमची जमीन काळी, कपाशीची. पावसात पायाला चिकटते आणि उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, गेल्या वर्षी दोघींचे घोटे मुरगळले. त्यांना दोन ट्रॉली मुरूम आणि एक ट्रॉली लाल माती हवी आहे. ट्रॅक्टर गावातलाच आहे, डिझेलचे पैसे शिल्लक २,४५० मधून निघतील, मातीचे टेबलावर जमवायचे आहेत. नावं नोंदवायला सुरुवात झाली आहे, कालपर्यंत अकरा आली.